स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर स्कोप: कुठला घ्यायचा आणि कसा बसवायचा

आपल्याकडे बऱ्याच जणांची पहिली रायफल म्हणजे नळी सांध्यात दुमडून कॉक करायची (म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची) .१७७ ची स्प्रिंगवाली एअर रायफल, आणि ती हातात आल्यावर थोड्याच दिवसांत डोक्यात येतं की आता स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावूया. मग काय होतं, ऑनलाइन जायचं, बजेटमध्ये सगळ्यात जास्त झूम आणि सगळ्यात मोठी काच कशात मिळते ते बघायचं, सोबत फुकट आलेल्या रिंगा कशातरी आवळायच्या, आणि दोन आठवड्यांनी विचारत फिरायचं की नेम रोज वेगळीकडे का जातोय. माझं यावर ठाम मत आहे, झूमवर पैसे घालू नका. पैसे तीन गोष्टींवर घाला: स्कोप स्प्रिंगचा धक्का सोसणारा असू द्या, त्याचा पॅरॅलॅक्स (म्हणजे काय ते पुढे सांगतो) १० मीटरपर्यंत खाली जुळवता येऊ द्या, आणि माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा आणि त्यांचा पाया, चांगलं घ्या. या तिन्ही गोष्टी असतील तर ४ च्या झूमवरही मस्त ग्रुप येतात, म्हणजे सगळे छर्रे जवळजवळ लागतात, नसतील तर २४ च्या झूमने चुकलेला नेम फक्त मोठा दिसतो.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे .१७७ म्हणजे ४.५ मिमीपर्यंतचं बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) आणि २० जूलपर्यंतची ताकद असेल तर एअर रायफलला लायसन्स लागत नाही, .२२ घेतली किंवा ताकद २० जूलच्या वर गेली की लागतं. आणि स्कोप लावला म्हणून पक्ष्यांवर किंवा जनावरांवर नेम धरायचा नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. हे सगळं कागदासाठी, डब्यांसाठी आणि लोखंडी टार्गेटसाठी चाललंय. मागे भक्कम आडोसा असल्याशिवाय एकही छर्रा सोडायचा नाही, आणि लांबचं काहीतरी बघायचंय म्हणून रायफल उचलून स्कोपमधून माणसांकडे बघायचं तर अजिबातच नाही, त्यासाठी दुर्बीण असते.

आता स्प्रिंगर, म्हणजे स्प्रिंगवाली रायफल, स्कोप का खाते ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. चाप ओढला की आतला जड पिस्टन पुढे झेपावतो, त्यामुळे रायफल मागे येते. मग पिस्टन पुढे दाबल्या गेलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि रायफल जोरात पुढे हिसका खाते. म्हणजे एका शॉटमध्ये दोन धक्के, उलटसुलट दिशेचे, आणि दुसरा पहिल्यापेक्षा तीक्ष्ण. बारुदाच्या रायफलींसाठी बनवलेले स्कोप एकाच दिशेचा धक्का गृहीत धरून बांधलेले असतात, रायफल मागे येणार एवढंच. पुढचा हिसका बसला की त्यांच्या आतली भिंगं हलतात, क्रॉसहेअर (नेमासाठीच्या आडव्या-उभ्या रेघा) फिरतं किंवा तुटतं, आतली स्प्रिंग सैल होते. त्यामुळे मोठ्या बोअरच्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकलेला महागडा स्कोपसुद्धा स्प्रिंगरवर काही दिवसांत मान टाकतो, लोकांना हे खोटं वाटतं पण असंच आहे. म्हणून घेताना बॉक्सवर किंवा कंपनीच्या माहितीत स्प्रिंग एअर रायफलसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. नुसतं "शॉकप्रूफ" लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही, विचारा की स्प्रिंगरवर वॉरंटी देता का, हो म्हणाले तर बिलावर लिहून घ्या. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, वापरणाऱ्यांना ही काळजी जवळजवळ नाही, तिथे धक्का नावालाच असतो, त्यामुळे पीसीपीवाल्या मित्राने सांगितलेला स्कोप डोळे मिटून घेऊ नका.

दुसरी गोष्ट पॅरॅलॅक्स, आणि यात सगळ्यात जास्त लोक फसतात. स्कोपमध्ये टार्गेटचं चित्र आणि क्रॉसहेअर एकाच पातळीवर बसलं पाहिजे, नाहीतर डोकं जरा इकडेतिकडे झालं की क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकतं, रायफल जागची हललेली नसतानासुद्धा. साध्या ३-९×४० स्कोपमध्ये (झूम ३ ते ९, पुढची काच ४० मिमीची) हे कारखान्यातच १०० यार्ड म्हणजे ९१ मीटरला पक्कं करून टाकलेलं असतं. आपण मारतो १० ते ३० मीटरवर. ४० मिमी काचेचा, ९१ मीटरला बांधलेला स्कोप १० मीटरवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला तर चूक जास्तीत जास्त १८ मिमीपर्यंत जाऊ शकते, हिशोब सोपा आहे, काचेची त्रिज्या २० मिमी गुणिले (१ वजा १०/९१). प्रत्यक्षात डोळा इतका कडेला जात नाही, पण निम्मी चूक धरली तरी ९ मिमी झाले, आणि १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिमीचा! शिवाय अशा स्कोपमध्ये १० मीटरवर ९ च्या झूमला चित्र इतकं धुरकट दिसतं की छर्र्याचं भोक सापडत नाही.

त्यामुळे पुढच्या काचेभोवती फिरणारी रिंग असलेला, म्हणजे एओ लिहिलेला, किंवा डाव्या बाजूला गोल नॉब असलेला साइड फोकस स्कोप घ्या, आणि त्याचा सगळ्यात कमी आकडा १० यार्ड किंवा त्याखाली आहे ना ते तपासा. काही एओ स्कोप २५ किंवा ५० यार्डालाच थांबतात, ते आपल्या कामाचे नाहीत. रिंगवर छापलेल्या आकड्यांवर फार विश्वास ठेवू नका, स्वस्त स्कोपवर ते अंदाजपंचे असतात. टार्गेट एकदम स्वच्छ दिसेपर्यंत फिरवा, मग रायफल टेकवून न हलवता डोकं हळूच वरखाली करून बघा, क्रॉसहेअर टार्गेटवर चिकटून राहिलं तर जमलं, नाही राहिलं तर अजून जरासं फिरवा, आणि मग त्या जागी पांढऱ्या मार्करने तुमची स्वतःची खूण करा, १० मीटर, १५, २५, जे लागेल ते.

झूमचं म्हणाल तर १० ते ३० मीटरला ३-९ किंवा ४-१२ भरपूर झालं. आणि मोठी काच म्हणजे जास्त उजेड हे अर्धंच खरं आहे, डोळ्यात येणारा प्रकाशाचा गोल म्हणजे काचेचा व्यास भागिले झूम, ४० ला ९ ने भागलं तर ४.४ मिमी, दिवसा आपली बाहुली साधारण २ ते ४ मिमी उघडलेली असते म्हणजे तेवढं पुरून उरतं. तोच ४० चा स्कोप २४ झूमवर नेला की १.७ मिमी, चित्र काळवंडणार, डोळा नेमका मधोमध ठेवायला झगडावं लागणार. ५० ची काच लावायची तर रिंगा उंच लागतात, रिंगा उंच म्हणजे गाल दस्त्यावर टेकत नाही, गाल टेकत नाही म्हणजे डोकं दर वेळी वेगळ्या जागी, म्हणजे फिरून पॅरॅलॅक्सचीच कटकट. ३२ किंवा ४० घ्या. नळकांडं २५.४ मिमीचं म्हणजे एक इंची की ३० मिमीचं, यावर लोक भांडत बसतात, ३० मध्ये मुख्य फायदा क्रॉसहेअर वरखाली करायला जागा जास्त मिळण्याचा, उजेडाचा नाही. वजन मात्र बघा, जड स्कोप स्प्रिंगरवर जास्त जोराने सरकायला बघतो, अर्ध्या किलोच्या आसपास थांबलेलं बरं.

क्रॉसहेअर साधं बारीक किंवा मिल-डॉट (रेघांवर ठरावीक अंतराने ठिपके असलेलं), दोन्ही चालतं. मिल-डॉट घेतलंत तर एवढं लक्षात ठेवा की आपल्या बजेटमधले बहुतेक स्कोप सेकंड फोकल प्लेनचे असतात, त्यात ठिपक्यांमधलं अंतर एकाच ठरावीक झूमवर खरं असतं, झूम बदलला की हिशोब बदलला. सोपा उपाय म्हणजे एक झूम ठरवायचा आणि त्याच्यावरच राहायचं. रेड डॉटबद्दलही लोक विचारतात, म्हणजे झूम नसलेली, उजेडाच्या लाल ठिपक्याने नेम धरायची साइट. डबे उडवायला मजा येते, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, पण ३ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका १० मीटरवर जवळजवळ ९ मिमी झाकतो आणि २५ वर २२ मिमी, त्यामुळे बारीक ग्रुपचं नाव काढू नका. ज्यांना दृष्टिवैषम्य आहे त्यांना तो ठिपका चांदणीसारखा फाटलेला दिसतो, आधी दुकानात डोळ्याला लावून बघा.

आणि एक महत्त्वाचं, घरात कोणी शाळा-कॉलेजमधलं असेल आणि डोक्यात स्पर्धा असेल, तर स्कोप लावूच नका. १० मीटर आणि ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये दुर्बिणीचा स्कोप चालत नाही, तिथे मागे बारीक छिद्राची डायऑप्टर साइट आणि पुढे गोल रिंग असते. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झालेली आपली तेजस्विनी सावंत असो की २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेणारा स्वप्नील कुसळे, दोघं कोल्हापूरचे, दोघांनी ते यश याच साइटवर मिळवलं. तशा तयारीसाठी पहिल्या दिवसापासून डायऑप्टरच हवी, स्कोपची सवय लागली की मोडायला त्रास होतो.

आता माउंट. मला विचाराल तर स्कोपच्या किमतीच्या किमान पाव भाग माउंटसाठी बाजूला ठेवा. आधी रायफलवर कुठली रेल, म्हणजे माउंट बसायची पट्टी, आहे ते बघा. वर दोन लांब समांतर खाचा असतील, एकमेकींपासून सेंटीमीटरभर अंतरावर, तर ती ११ मिमीची डोव्हटेल, बऱ्याचशा एअर रायफलींवर हीच असते. रेल रुंद असेल, साधारण २१ मिमी, आणि तिच्यावर आडव्या खाचा असतील तर ती वीव्हर किंवा पिकॅटिनी. पिकॅटिनीच्या खाचा ५.२ मिमी रुंद आणि एकसारख्या १० मिमी अंतरावर असतात, वीव्हरच्या जरा अरुंद, म्हणून वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर सहसा बसतात पण उलटं जमेलच असं नाही. डोव्हटेलच्या बाबतीत ११ मिमी हे नुसतं नाव आहे, प्रत्यक्षात ती ९.५ पासून १३ च्या पुढेपर्यंत काहीही निघते आणि खाचेचा कोनही वेगवेगळा असतो, म्हणून घरी कॅलिपर असेल तर मोजून घ्या, नाहीतर रायफलचं मॉडेल सांगूनच माउंट मागवा. डोव्हटेलवर पिकॅटिनीचा अडॅप्टर लावून त्यावर रिंगा लावणारे असतात, मी तरी स्प्रिंगरवर ते टाळायला सांगेन, एक जोड वाढला की सैल व्हायची एक जागा वाढली आणि उंचीही वाढली.

स्प्रिंगरसाठी एकसंध माउंट घ्या, म्हणजे दोन्ही रिंगा एकाच पट्टीवर असलेलं. सुट्या दोन रिंगांपेक्षा त्याची पकड लांबलचक असते, चार स्क्रू एकत्र धरतात. तोटा एवढाच की स्कोप पुढेमागे करायला जागा कमी मिळते. रिंगेच्या टोपीला चार स्क्रू असलेलं बघा, दोनवालं नको. आणि सगळ्यात महत्त्वाची ती स्टॉप पिन. पुढच्या हिसक्यामुळे रायफल पुढे जाते आणि स्कोप आहे तिथेच राहायला बघतो, म्हणजे माउंट रेलवरून हळूहळू मागे, आपल्या डोळ्याकडे सरकतं. फक्त स्क्रू आवळून हे थांबत नाही, जास्त आवळलं तर खाचेच्या कडा चुरडतात किंवा स्क्रूचे आटे जातात. रेलवर वरच्या बाजूला एक-दोन गोल भोकं असतील, ती त्यासाठीच असतात, माउंटच्या पोटातली पिन त्यातल्या एका भोकात उतरली पाहिजे. भोक नसेल तर रेलच्या मागच्या टोकाला स्टॉपर असतो का बघा, किंवा वेगळा स्टॉपर मिळतो तो माउंटच्या मागे टेकवून लावा. स्वतः ड्रिल मारायला जाऊ नका, बऱ्याच रायफलींमध्ये रेलच्या खाली थेट पिस्टनची नळी असते.

बसवायला घ्यायच्या आधी रायफल रिकामी आहे, कॉक केलेली नाही हे दोनदा बघा. मग रेलच्या खाचा, माउंटचे जबडे, रिंगांचा आतला भाग आणि स्कोपचं नळकांडं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. कारखान्यातलं तेल तसंच राहतं आणि मग लोक म्हणतात माउंट सरकतं. काचेला ते लावू नका, तिचं वेगळं पुढे सांगतो. पिन भोकात बसवा, माउंट मागे ढकलून पिन भोकाच्या कडेला टेकवा आणि मग खालचे स्क्रू आवळा, म्हणजे पहिल्याच शॉटला माउंट मिमीभर मागे जायचं राहणार नाही.

रिंगांच्या टोप्या काढा, स्कोप खालच्या अर्ध्या रिंगेत ठेवा, टोप्या सैल लावा. मार वरखाली आणि डावीउजवीकडे करणारे नॉब जिथे असतात तो स्कोपचा मधला फुगीर भाग कुठल्याही रिंगेला टेकू देऊ नका, आणि पुढच्या काचेचा फुगवटा नळीपासून निदान दोन-तीन मिमी वर राहू द्या. नळी मोडून छर्रा घालताना बोटांना स्कोपची आडकाठी होत नाही ना तेही आत्ताच बघून घ्या. डोळ्याचं अंतर ठरवायची पद्धत अशी, झूम सगळ्यात वर न्या कारण तिथे डोळ्याला जागा सगळ्यात कमी मिळते, डोळे मिटा, रायफल खांद्याला लावून गाल नेहमीसारखा टेकवा, मग डोळे उघडा. चित्र पूर्ण गोल, कडेला काळं वर्तुळ न येता दिसलं पाहिजे. मान पुढे ताणावी लागली किंवा मागे घ्यावी लागली तर स्कोप सरकवा, मान नाही. बसून, उभं राहून, जसं तुम्ही मारता तसं दोन्ही प्रकारे करून बघा.

मग डोळ्याकडची काच जुळवायची, ती टार्गेटसाठी नसते, क्रॉसहेअर स्वच्छ दिसण्यासाठी असते. पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे (सूर्याकडे चुकूनही नाही) पटकन एक नजर टाका, पहिल्या क्षणात क्रॉसहेअर टोकदार दिसलं पाहिजे. एकटक बघत बसलात तर डोळा आपोआप जुळवून घेतो आणि फसवतो, म्हणून बघा, नजर काढा, जरा फिरवा, परत बघा.

क्रॉसहेअर सरळ करायला आपला गवंड्याचा ओळंबा उत्तम. १०-१५ मीटरवर ओळंबा किंवा दोरीला दगड बांधून लटकवा, वारा नसलेल्या जागी, रायफलच्या रेलवर छोटी लेव्हल ठेवून रायफल सरळ करा आणि दोन पिशव्यांमध्ये पक्की बसवा, मग स्कोप रिंगांमध्ये फिरवून उभी रेघ दोरीवर तंतोतंत बसवा. नुसतं नजरेने केलं तर प्रत्येक माणसाची खांद्याला रायफल लावायची सवय थोडी तिरकी असते आणि रेघ त्याच तिरक्या सवयीत बसते. १० मीटरवर फरक कळत नाही, १० ला झिरो करून (म्हणजे नेम आणि मार जुळवून) ३० वर गेलात की ग्रुप एका बाजूला सरकलेला दिसतो आणि मग लोक वाऱ्याला दोष देतात.

टोप्यांचे स्क्रू आवळताना एक इकडचा अर्धा फेरा, मग कर्णातला, असं आळीपाळीने, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. ॲलन कीची लांब बाजू भोकात घालून आखूड बाजूने आवळा, म्हणजे जोर आपोआप मर्यादेत राहतो. टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियमच्या रिंगांना साधारण १.७ ते २.२ न्यूटन-मीटर पुरतं, माउंटच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर ते धरा. जास्त आवळलं तर नळकांडं चेपतं, आत झूमची यंत्रणा अडकते, आणि ते परत नीट होत नाही. लाल रंगाचं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) कधीही लावू नका, निळं खालच्या स्क्रूंना थेंबभर चालतं. शेवटी माउंटच्या मागच्या कडेला रेलवर आणि रिंगेच्या कडेला नळकांड्यावर नेलपॉलिशचा एकेक बारीक ठिपका द्या, अर्धा माउंटवर अर्धा रेलवर असा. पुढे कधी शंका आली की स्कोप सरकला का, तर ठिपका तुटलेला दिसतो आणि एका सेकंदात उत्तर मिळतं.

आता झिरोकडे वळायच्या आधी नळीच्या उताराबद्दल बोलायलाच हवं. नळी मोडणाऱ्या बऱ्याच रायफलींची नळी रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते, जर्मन डायनाच्या जुन्या मॉडेलांबद्दल तर हे जगभर माहीत आहे. उघड्या साइटवर काही कळत नाही कारण पुढची साइट नळीवरच असते, स्कोप मात्र रेलवर बसतो. तपासायचं कसं, स्कोपचा वरचा नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवून क्लिक, म्हणजे कट्ट करून सरकणाऱ्या पायऱ्या, मोजा, निम्म्यावर आणा, बाजूचाही तसाच. मग १० मीटरवर मोठा कागद लावून मारा. स्कोप नळीच्या ४.५ सेमी वर असेल आणि छर्रा १० मीटरमध्ये सेमीभर पडत असेल, तर सगळं समांतर असतानासुद्धा मार साडेपाच सेमी खाली लागणारच, त्यात घाबरायचं काही नाही, नॉबने निघतं. ८ सेमी खाली लागला तर थोडा उतार आहे. १२-१५ सेमी खाली लागला तर चांगलाच उतार आहे, कारण १५ सेमी म्हणजे १० मीटरवर ५० एमओएच्या वर झाले आणि साधारण ६० एमओए एकूण जागा असलेल्या स्कोपमध्ये मध्यापासून वर फक्त ३० मिळतात. आणि नॉब शेवटपर्यंत फिरवून कसंबसं जमवलं तरी आतली स्प्रिंग जवळजवळ सैल पडते आणि प्रत्येक हिसक्याला क्रॉसहेअर थरथरतं, म्हणजे रोज वेगळा झिरो. "स्कोप खराब निघाला" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची खरी अडचण हीच असते.

थोड्या उताराला मागच्या रिंगेत स्कोपखाली पत्रा घाला. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी जाड असतो, रिंगांमध्ये १० सेमी अंतर असेल तर एक थर १० मीटरवर मार एक सेमी वर आणतो, २५ वर अडीच सेमी. कडा सँडपेपरने घासून घ्या नाहीतर नळकांड्यावर ओरखडे पडतात, रिंगेच्या रुंदीएवढाच कापा, आणि फक्त खालच्या अर्ध्या रिंगेत ठेवा. दोन-तीन थरांच्या पुढे जाऊ नका, मग स्कोप वाकतो. त्याहून जास्त उतार असेल तर मागे उंच पुढे बुटकं असं उतारासाठीच बनवलेलं माउंट मिळतं किंवा उंची बदलता येणारं मिळतं, ते घ्या.

झिरो करताना रायफल नवीन असेल तर घाई करू नका. सुरुवातीला आतलं तेल जळतं, धूर येतो, वेग वरखाली होतो, त्यामुळे छर्र्यांचा पहिला डबा उघड्या साइटवरच मारून संपवा आणि तेवढ्यात कुठला छर्रा नळीला मानवतो तेही कळेल. ४.५० आणि ४.५२ मिमीच्या छर्र्यात दिसायला काही फरक नसतो पण काही नळ्यांना तोच फरक ग्रुप अर्धा करून देतो. रायफल कडक गोष्टीवर टेकवायची नाही, पुढचा हात मऊ पिशवीवर आणि रायफल तळहातावर सैल, घट्ट पकडलीत की तिचा हिसका बदलतो आणि मारही बदलतो. पाच छर्रे मारा, ग्रुपचा मध्य बघा, मग नॉब फिरवा. एकेका छर्र्यामागे नॉब फिरवत बसलात तर संध्याकाळ होईल आणि झिरो होणार नाही.

क्लिकचा हिशोब पाठच करून टाका. पाव एमओएचा क्लिक १०० मीटरवर ७.३ मिमी सरकवतो, म्हणून १० मीटरवर फक्त ०.७३ मिमी. ग्रुप २ सेमी खाली असेल तर १० मीटरवर २७-२८ क्लिक लागतात, लोक आठ-दहा क्लिक देऊन म्हणतात नॉब चालत नाही. २५ मीटरवर तेच २ सेमी ११ क्लिकमध्ये निघतात. ०.१ मिलचा (मिल हे कोनाचं दुसरं माप) नॉब असेल तर १० मीटरवर क्लिकला १ मिमी, त्याहून सोपं काही नाही.

१० मीटरवर कागदात आलं की शेवटचा झिरो २५ वर करा. साधारण २३० मीटर प्रति सेकंद वेगाचा छर्रा आणि साडेचार सेमी उंच स्कोप धरला तर २५ ला झिरो केल्यावर १० मीटरवर मार सेमीभर खाली लागतो, ५ मीटरवर अडीच सेमी खाली, १८ च्या आसपास जवळपास बरोबर, आणि ३५ वर परत तीनेक सेमी खाली. म्हणजे १५ ते २५ मध्ये काही विचार न करता सरळ मधोमध धरा. तुमच्या रायफलचे आकडे थोडे वेगळे येतील, प्रत्यक्ष मारून एका चिठ्ठीवर लिहा आणि स्कोपच्या झाकणाच्या आत चिकटवा. जवळ मार खाली लागतो हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, पण नळी स्कोपच्या खाली आहे आणि छर्रा खालून वर येत रेघेला भेटतो, चित्र काढून बघा म्हणजे पटेल.

पुढे कधी ग्रुप फुटायला लागला तर स्कोपवर संशय घेण्याआधी दस्त्याचे स्क्रू बघा, विशेषतः पुढचे दोन बाजूचे, स्प्रिंगर ते सतत सैल करते. मग नळीच्या सांध्यात बाजूला हलतंय का, मग माउंटचे स्क्रू आणि नेलपॉलिशचे ठिपके. हे सगळं ठीक असेल तर चौकोनी चाचणी करा: ग्रुप मारा, २० क्लिक वर, परत ग्रुप, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर येऊन बसला पाहिजे, नेम मात्र पूर्ण वेळ एकाच ठिपक्यावर. नाही बसला तर दुसऱ्या कोणाचा चांगला स्कोप लावून तेच करा, त्यावर जमलं तर तुमचा स्कोप गेला हे नक्की.

आणि पावसाळा. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर स्कोप त्याच्या फोमच्या पेटीत बंद करून ठेवणं म्हणजे काचेवर बुरशीला आमंत्रण, फोम ओल धरून ठेवतो. बाहेर कोरड्या कपाटात ठेवा, नाहीतर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. नायट्रोजन भरलेला स्कोप आतून धुकं धरत नाही, पण बाहेरून बुरशी त्यालाही लागते. काच पुसताना आधी ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ काढा, मग लेन्सचं द्रावण कापडावर घेऊन मधून बाहेर हलक्या हाताने, शर्टाच्या टोकाने कधीच नाही, धुळीचा एक कण कोटिंगवर कायमची रेघ मारतो. रायफलला तेलाचा हात फिरवताना ते रेलच्या खाचांमध्ये जाऊ देऊ नका. पाऊस सरल्यावर पहिल्यांदा रायफल बाहेर काढलीत की आधी सगळे स्क्रू तपासा, मग १० मीटरवर पाच छर्रे मारून झिरो जागेवर आहे का बघा.